खात्यात पडलेले, हातात न आलेले

आपत्तीत सापडलेल्या कुटुंबाला तयार वस्तूंऐवजी रोख रक्कम द्यावी, या मताकडे मदतकार्यातल्या बहुतेक संस्था आणि अनेक सरकारे गेल्या दोन दशकांत वळली आहेत, आणि त्यामागचा तर्क भक्कम आहे. १९४३च्या बंगालच्या दुष्काळाचे जे विश्लेषण अमर्त्य सेन यांनी १९८१ साली ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’मध्ये मांडले, त्याचा गाभा असा की, धान्य संपले नसतानाही माणसे भुकेने मरू शकतात, कारण बाजारात असलेले धान्य मिळवण्याची त्यांची क्रयशक्तीच कोसळलेली असते. क्रयशक्ती कोसळली असेल तर ती पैशाने सावरता येते. शिवाय घरात कोणाचे औषध संपले आहे, दुबार पेरणीला बियाणे आधी हवे की मुलीच्या वसतिगृहाची फी, हे त्या घराइतके बाहेरच्या कोणालाही कळत नाही. रोख मदतीचे तत्त्व मला पूर्णपणे मान्य आहे. माझी काळजी ती पोहोचवण्याच्या मार्गाबद्दल आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत आपण हा मार्ग जवळजवळ एकच उरवत आणला आहे, आणि ज्या गोष्टींच्या आधारावर तो उभा आहे त्याच गोष्टी आपत्तीत सर्वांत आधी निकामी होतात.

या विषयातला महाराष्ट्राचा अनुभव जुना आणि मोठा आहे. १९७० ते १९७३ या काळातल्या दुष्काळात राज्याने मदतीचा मुख्य भार सार्वजनिक कामांवर टाकला. पाझर तलाव, रस्ते, बंडिंग आणि खडी फोडण्याच्या कामांवर मे १९७३ च्या सुमारास पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. ज्याँ द्रेझ यांनी या काळाचा जो अभ्यास केला त्यातला महत्त्वाचा मुद्दा असा की, मजुरीच्या रूपाने लोकांच्या हाती रोख पैसा आल्यामुळे, धान्याच्या आंतरराज्य वाहतुकीवर निर्बंध असतानाही, खासगी व्यापारातून धान्य दुष्काळी जिल्ह्यांकडे ओढले गेले. पुढे रोजगार हमी कायदा १९७७ साली संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, त्याची पायाभरणी या अनुभवातच होती. त्या व्यवस्थेत उणिवा होत्या: मजुरी रखडत असे, आणि अशक्त, वृद्ध व अपंग माणसांना खडी फोडायला लावणे हे मदतीचे क्रूर रूप होते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण तिच्या रचनेत दोन गोष्टी होत्या ज्यांचे मोल आज ओळखले पाहिजे. लाभार्थ्यांची यादी आधी असावी लागत नव्हती. जो कामावर आला त्याचे नाव हजेरीपटावर चढत असे. आणि पैसे कामाच्या जागी, नोटांच्या रूपात, ओळखीच्या माणसाकडून मिळत असत. या दोन्ही गोष्टी आता उलट झाल्या आहेत.

आजची साखळी अशी आहे. पाणी ओसरल्यावर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पंचनामा करतात. त्यावरून बाधितांची यादी तहसील कार्यालयात जाते आणि संगणक प्रणालीत भरली जाते. शेतीच्या नुकसानीत प्रत्येक खातेदाराला विशिष्ट क्रमांक मिळतो, तो गावच्या यादीत शोधून आपले सरकार सेवा केंद्रात ई-केवायसी करावी लागते. शेतकरी ओळख क्रमांक असलेल्यांना अलीकडे या पायरीतून सूट मिळाली, हे चांगले झाले. मग रक्कम आधारशी जोडलेल्या खात्याकडे निघते. इथे एक बारकावा आहे, जो गावात अनेकांना माहीत नसतो: एका व्यक्तीची चार बँकांत खाती असली तरी आधार-आधारित हस्तांतरण एकाच खात्यात जाते, आणि ते खाते म्हणजे ज्या बँकेने सर्वांत शेवटी आधार-जोडणी नोंदवली तिथले. २०१७ साली एका दूरसंचार कंपनीच्या पेमेंट्स बँकेत ग्राहकांच्या नकळत खाती उघडली गेली आणि गॅसचे अनुदान तिकडे वळले, ते याच रचनेमुळे. शेवटी ते खाते असलेल्या शाखेत, एटीएमवर किंवा बँकमित्राच्या यंत्रावर अंगठा लावून पैसे काढायचे. ‘पैसे पडले का?’ हा गावातला प्रश्न या टप्प्यावरचा असतो, आणि पैसे पडल्यावरही ते हातात यायला आणखी एक-दोन पायऱ्या शिल्लक असतात.

प्रत्येक कडी सुटी घेतली तर ती बऱ्यापैकी भरवशाची वाटते. केवळ उदाहरणादाखल समजा, पंचनामा, यादी, क्रमांक, ई-केवायसी, खाते-जोडणी, हस्तांतरण आणि पैसे काढणे या सात पायऱ्यांपैकी प्रत्येक पायरी शंभरातल्या सत्त्याण्णव कुटुंबांना नीट पार पडते. सातही पायऱ्या पार करून पैसा हातात येणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण तेव्हा शंभरात सुमारे एक्क्याऐंशी उरते. म्हणजे प्रत्येक खात्याचा अधिकारी आपले काम सत्त्याण्णव टक्के झाल्याचा अहवाल खरेपणाने देत असताना दर पाचांतले जवळजवळ एक कुटुंब रिकाम्या हाताने राहू शकते. या गणितात एक गृहीतक आहे, ते झाकून ठेवणे योग्य नाही: सातही अपयशे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे त्यात मानले आहे. प्रत्यक्षात तसे नसते. ज्या घराचे कागद कच्चे असतात त्याच घरातला मोबाइल क्रमांक बदललेला असतो, त्याच घरातल्या बाईचा अंगठा धुणीभांडी किंवा कोयता धरून झिजलेला असतो, आणि तेच घर पुराच्या रेषेत, नदीकाठच्या वस्तीत असते. त्यामुळे एकूण टक्केवारी कदाचित इतकी घसरणार नाही, पण घसरण त्याच त्या कुटुंबांवर साचत जाईल. सरासरी चांगली दिसेल आणि एखाद्या वस्तीत निम्म्यांच्या हाती काही आलेले नसेल. हा सर्व हिशेब चांगल्या दिवसांचा आहे. आपत्तीत प्रत्येक कडीचा भरवसा घटतो आणि एक कडी तुटली तर जी पर्यायी वाट असते तीही त्याच पाण्याखाली जाते: शाखा बंद म्हणून एटीएम, तर वीज नाही, बँकमित्र, तर टॉवर बंद, शेजाऱ्याकडून उसने, तर शेजाऱ्याचेही घर गेलेले.

हे शासनाला ठाऊक नाही असे नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेले, तेव्हा ग्रामीण कुटुंबाला १० हजार आणि शहरी कुटुंबाला १५ हजार रुपये जाहीर झाले, आणि त्यांतले ५ हजार रोख, उरलेले खात्यात असा निर्णय झाला. शाखा आणि एटीएम पाण्यात असताना खात्यात टाकलेला पैसा वापरता येत नाही, याची ती व्यवहार्य कबुली होती. माझ्या मते त्या संपूर्ण मदतकार्यातला तो सर्वांत शहाणा निर्णय होता. पण तो त्या वेळचा तोडगा राहिला. नोटा कुठून आणायच्या, कोणी वाटायच्या, नोंद कशी ठेवायची याचे कायमचे शास्त्र त्यातून घडले नाही. प्रशासनाचा कल त्यानंतर उलट दिशेनेच वाढत गेला, कारण नोट म्हणजे गळतीची शक्यता आणि खाते म्हणजे पारदर्शकता हे समीकरण पक्के झाले आहे. सामान्य काळात ते बरेचसे खरेही आहे.

रोख मदतीचे दुसरे गृहीतक बाजाराचे. पैसा उपयोगी पडतो तो आसपास विकणारा असेल तर. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे पाणी थेट बाजारपेठेत शिरले. घरे आणि दुकाने एकाच रात्री बुडाली. ज्या किराणा दुकानदाराकडून मदतीच्या पैशाने पीठ-तेल घ्यायचे त्याचा माल चिखलात होता, आणि ज्या औषध दुकानातून इन्सुलिन घ्यायचे त्याचे शीतकपाट बंद होते. अशा ठिकाणी पहिले काही दिवस पाणी, शिजवलेले अन्न आणि औषधे हीच मदत, आणि रस्ते मोकळे होऊन बाहेरचा माल येऊ लागला की रोख, असा क्रम लावावा लागतो. क्रम उलटला तर थोड्या मालामागे अधिक पैसा धावतो आणि मदतीचा काही भाग भाववाढीच्या रूपाने, साठा वाचलेल्या मोजक्या विक्रेत्यांकडे जातो. चिपळूणमध्ये ही अवस्था तात्पुरती होती, कारण राज्याचा उरलेला बाजार शाबूत होता.

जिथे बाहेरचा माल येणेच अडवले जाते तिथे काय होते, ते गाझात दिसले. ऑक्टोबर २०२३ नंतर तिथल्या बँकशाखा आणि एटीएम मोठ्या प्रमाणावर उद्ध्वस्त झाले आणि नव्या शेकेल नोटा आत येणे थांबले. मदतसंस्था कुटुंबांच्या मोबाइल पाकिटात पैसे पाठवू शकत होत्या, पण बाजारातले पुष्कळ व्यवहार नोटांवर चालत, आणि ज्याच्याकडे नोटा होत्या तो डिजिटल रकमेच्या बदल्यात नोटा देताना दलाली कापून घेई. २०२५ च्या मध्यापर्यंत ही दलाली ४० टक्क्यांच्या घरात गेली. मदतीचे शंभर शेकेल हातात येईपर्यंत साठ होत होते, आणि त्या साठांत आधी साठांना मिळत होते त्याच्या कितीतरी कमी पीठ येई. लेबनॉनमध्ये हाच तोटा वेगळ्या वाटेने झाला: निर्वासितांसाठी आलेले डॉलर बँकांनी बाजारभावापेक्षा खूपच कमी दराने पौंडांत बदलून दिले, आणि फरक बँकांकडे राहिला. दोन्हीकडे पाठवणाऱ्याच्या वहीत रक्कम पूर्ण वाटलेली दिसते. दलाली आणि विनिमयाचा फरक ही वितरणाची किंमत आहे, पण ती मदत देणारा भरत नाही. घेणारे कुटुंब भरते, म्हणून ती हिशेबात येत नाही.

सोमालियाचा अनुभव याच्या दुसऱ्या बाजूचा आहे. संयुक्त राष्ट्रांनी २० जुलै २०११ रोजी दक्षिण सोमालियाच्या दोन प्रदेशांत दुष्काळ जाहीर केला तेव्हा जागतिक अन्न कार्यक्रम अल-शबाब या सशस्त्र गटाच्या ताब्यातल्या भागातून जानेवारी २०१० मध्येच बाहेर पडलेला होता आणि बँकव्यवस्था अशी जवळजवळ नव्हतीच. तरीही काही संस्थांनी हवाला व्यापाऱ्यांच्या जाळ्यातून लाखो लोकांपर्यंत रोख रक्कम पोहोचवली. हे जाळे चालले, कारण गावातला व्यापारी कुटुंबाला नावाने ओळखत होता आणि त्याचा स्वतःचा व्यवसाय त्या विश्वासावर अवलंबून होता. मदत उशिरा आली; त्या संकटात सुमारे २ लाख ६० हजार माणसे मेली, त्यांतली निम्मी पाच वर्षांखालची बालके होती. पण उशिराचे कारण हवाला नव्हता; संस्थांचा दीर्घकाळ चाललेला अनिर्णय आणि दहशतवादविरोधी कायद्यांची भीती ही होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेर अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातील ज्या बँकेमार्फत तिथल्या सोमाली लोकांचे पैसे मायदेशी जात, तिने ही सेवा बंद केली. एका बँकेच्या विधी विभागाने जोखीम टाळली आणि हजारो मैलांवरच्या घरांचा आधार आकसला. मार्ग किती रुंद आहे यापेक्षा मार्ग किती आहेत, हे संकटात अधिक महत्त्वाचे ठरते.

आता यादीकडे येऊ. २६ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने जनधन खाते असलेल्या सुमारे वीस कोटी स्त्रियांना दरमहा ५०० रुपये, तीन महिने, देण्याचे जाहीर केले. गर्दी टाळण्यासाठी खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकावरून पैसे काढण्याच्या तारखा ठरल्या. इतक्या थोड्या दिवसांत इतक्या खात्यांत पैसे जाणे ही लहान गोष्ट नव्हती, आणि ती कामगिरी मान्य केली पाहिजे. पण जनधन खाते असणे आणि गरीब असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनेक गरीब स्त्रियांची खाती दुसऱ्या प्रकारची होती किंवा नव्हतीच. तर काही खाती बऱ्या स्थितीतल्या घरांत होती. ज्यांना गरज आहे त्यांच्यापर्यंत पोहोचणे हा मूळ प्रश्न बाजूला पडून, ज्यांच्यापर्यंत पोहोचता येते त्यांना देणे हा सोपा प्रश्न त्याच्या जागी आला. त्याच दिवसांत महामार्गांवरून चालत निघालेल्या मजुरांची कोणतीच वापरता येण्याजोगी यादी राज्यांकडे नव्हती, जरी आंतरराज्य स्थलांतरित कामगारांच्या नोंदणीची तरतूद असलेला कायदा १९७९ पासून होता.

महाराष्ट्रात आता जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेची, दोन कोटींहून अधिक स्त्रियांची, आधार-जोडलेली यादी आहे. पुढच्या मोठ्या आपत्तीत हीच यादी वापरावी असा मोह होणे स्वाभाविक आहे, आणि काही प्रमाणात ती उपयोगीही पडेल. पण ती २१ ते ६५ वयाच्या स्त्रियांची यादी आहे. एकटी राहणारी सत्तरीची विधवा, स्त्री नसलेले घर, साखर कारखान्याच्या वा वीटभट्टीच्या तळावर आलेले परराज्यातले कुटुंब त्यात नाही. शिवाय ऑगस्ट २०२४ मध्ये पहिले हप्ते जमा होताच काही बँकांनी किमान शिल्लक नसल्याचा दंड त्यातून कापला आणि सरकारला बँकांना सूचना द्याव्या लागल्या. पीकनुकसानीची मदत कर्जखात्यात वळती करू नये, असे शासनाला पुन्हा पुन्हा लिहावे लागते. खाते कुटुंबाचे असले तरी त्यातून कापण्याचा पहिला हात बँकेचा असतो.

शेतीच्या मदतीत यादीचा प्रश्न आणखी खोल जातो. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातली लाखो हेक्टर जमीन पाण्याखाली गेली, काही ठिकाणी माती खरवडून गेली. मदतीचे दर हेक्टरी ठरतात: कोरडवाहूला ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये, त्यावर राज्याची भर. हेक्टरचा मालक सातबाऱ्यावरून ठरतो. बटाईने किंवा खंडाने शेत करणाऱ्याने बियाणे-खताचा खर्च केलेला असतो, पण तोंडी करारामुळे त्याचे नाव कुठेच नसते. ज्या बाईने नवऱ्यामागे शेत ओढले तिच्या नावावर वारसनोंद झालेली नसेल तर तीही बाहेर. आणि सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी यांवर ज्यांचे चार महिने चालतात त्या शेतमजुरांचे नुकसान हेक्टरमध्ये मोजताच येत नाही.

याचा परिणाम पुढे कसा वाहतो ते बीड, धाराशिव भागात नीट दिसते. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे हंगामाच्या आधी मुकादमाकडून कोयत्यामागे उचल घेतात. सप्टेंबरात हातातली मजुरी गेली आणि मदत मिळालीच नाही किंवा दिवाळीनंतर मिळाली, तर मधल्या आठवड्यांचा खर्च उचलीतून भागतो. उचल जितकी मोठी, तितके ती फेडण्याचे दिवस अधिक. हंगाम संपताना फिटली नाही तर पुढच्या वर्षाचे श्रम आजच गहाण पडतात, आणि मुलगी शाळेऐवजी फडावर जाते. सहा आठवड्यांच्या विलंबाची किंमत अशी एका-दोन वर्षांत वसूल होते, आणि तोवर मदतीची नस्ती बंद झालेली असते. नंतर मिळालेली तीच रक्कम वेळेवर मिळालेल्या रकमेइतकी नसते, कारण मधल्या काळात कर्ज घेतले गेले आहे.

तरीही ही अपयशे धोरणकर्त्यांना दिसत नाहीत, याचे कारण मोजणीत आहे. अहवालात ‘वितरित’ हा रकाना कोषागारातून रक्कम निघाल्यावर भरतो, किंवा फार तर बँकेत जमा झाल्यावर. कुटुंबाच्या हातात नोट किंवा पीठ कधी आले, हा रकानाच नाही. ज्याचे पैसे अडले तो तहसीलमध्ये जातो, तिथून बँकेत पाठवतात, बँक सेवा केंद्राकडे, सेवा केंद्र पुन्हा तलाठ्याकडे. आणि प्रत्येक जण आपल्या कडीपुरता खरेच बोलत असतो. संपूर्ण साखळीला उत्तरदायी असा एकही माणूस नाही.

दुरुस्तीची दिशा अवघड नाही, पण ती रूढ समजुतींच्या विरुद्ध जाते. आपत्तीग्रस्त म्हणून घोषित झालेल्या गावात पहिला, लहान हप्ता यादीशिवाय, हजर असलेल्या प्रत्येक चुलीला, नोटांत द्यावा. तलाठी, टपाल कर्मचारी आणि ग्रामसभेने निवडलेल्या स्त्रिया यांच्यासमोर. पंचनामा, खाते, ई-केवायसी हे सगळे दुसऱ्या, मोठ्या हप्त्यासाठी राहू द्यावे. यात काही अपात्र कुटुंबांना पैसे जातील. पण काही हजार रुपये चुकीच्या घरात जाण्याची चूक वसूल करता येते किंवा सोसता येते; खऱ्या गरजू घराला वगळण्याची चूक, वर पाहिले तशी, वाढत जाते. या दोन चुकांना आपले लेखापरीक्षण सारखे मानत नाही: पहिलीवर आक्षेप येतो, दुसरीवर येत नाही. म्हणून व्यवस्था आपोआप दुसऱ्या चुकीकडे झुकते.

याहून चांगला मार्ग पाणी येण्याआधी पैसे देण्याचा. जुलै २०२० मध्ये बांगलादेशात जमुनेचा पूर शिखरावर पोहोचण्याआधी, केवळ पूर्वानुमानाच्या आधारे, जागतिक अन्न कार्यक्रमाने नदीकाठच्या कुटुंबांना साडेचार हजार टका मोबाइलवर पाठवले. तेव्हा टॉवर चालू होते, दुकाने उघडी होती, जनावरे हलवायला गाडी भाड्याने मिळत होती. ज्या कड्या आपत्तीत तुटतात त्या आपत्तीपूर्वी शाबूत असतात. कृष्णा आणि पंचगंगेच्या खोऱ्यात कोयना, राधानगरी, अलमट्टीच्या विसर्गाची आकडेवारी आहे, पूररेषा आखलेल्या आहेत, कोणत्या पातळीला कोणती गल्ली बुडते हे सांगलीकरांना पाठ आहे. अडचण निकषांत आहे: आपल्या मदतीची सारी रचना झालेल्या नुकसानीभोवती आहे, आणि पंचनामा भविष्यातल्या पाण्याचा करता येत नाही. अंदाजावर पैसे वाटले आणि पाणी आलेच नाही तर त्या जिल्हाधिकाऱ्याला कोणत्या लेखाशीर्षाखाली उत्तर द्यायचे, हे आज कुठेही लिहिलेले नाही. आणि ते लिहिले जात नाही तोवर कोणताही अधिकारी, कितीही संवेदनशील असला तरी, पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत थांबेल.